नाकाचा पहारा



आज आपण एका शब्दाची गोष्ट ऐकणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, आणि ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्यापैकीही फार थोड्यांच्या तोंडी तो येतो. मग तो आपल्यापुढं आणायचं कारण काय, असं तुम्ही विचाराल. कारण असं की, या शब्दाचा अर्थ समजायला आपल्याला विलायतेला जावं लागत नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या अंगणात, दगडी झाकणाखाली, तो अर्थ पुरून ठेवलेला आहे. ते झाकण आज आपण उघडू. पण जपून उघडू. का, ते पुढं कळेलच.

झालं असं की, कळंब तालुक्यातल्या एका शाळेत मी गेलो होतो. मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा प्राण्यांचं पुस्तक घेऊन गुरुजींकडं आला. पानावर चित्र होतं अमेरिकेतल्या एका जनावराचं. मांजराएवढं, काळं कुळकुळीत, पाठीवर दोन पांढरे पट्टे. त्याला तिकडं स्कंक म्हणतात. शत्रू अंगावर आला की हे जनावर शेपटी वर करतं आणि असा काही फवारा उडवतं की कुत्रं केकाटत पळतं आणि माणसाला चार दिवस अंगावरचा वास जात नाही. चित्राखाली शास्त्रीय नाव होतं, मेफिटिस मेफिटिस. मुलानं विचारलं, "गुरुजी, ह्याचं नाव दोनदा का लिहिलंय? छापताना चुकलंय का?"

गुरुजी प्रामाणिक माणूस. म्हणाले, "बाळ, मला ठाऊक नाही. पाहुणे आलेत, त्यांना विचारू."

चूक छापणाऱ्याची नव्हती. प्राण्यांना शास्त्रीय नाव देताना आधी कुळीचं नाव आणि मग जातीचं नाव देतात. या जनावराला दोन्ही ठिकाणी एकच नाव मिळालं, इतकाच त्याचा अर्थ. त्या नावाचा अर्थ मात्र सांगण्यासारखा आहे. मेफिटिस म्हणजे घाण वास. आणि त्यातही, जमिनीच्या पोटातून वर येणारी, कोंदलेली, जिवाला अपाय करणारी घाण वाफ. एवढं सांगून मी त्या दिवशी सुटका करून घेतली. पण घरी येताना वाटलं, ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही.

पहिला प्रश्न असा की, याला मराठीत काय म्हणायचं? वासाच्या बाबतीत आपली भाषा काही गरीब नाही. तुमच्या घरातल्या बाईमाणसाला विचारा. शेंगदाणे जुने झाले की ती म्हणेल, खवट लागतात. पावसाळ्यात डब्यातलं पीठ उघडलं की म्हणेल, कुबट वास येतोय. दूध खाली लागलं की करपट, कालची आमटी आंबूस, तुपाचं भांडं नीट घासलं नाही की ओशट, रांजणातलं पाणी मातकट. डाळ भाजताना मात्र वास खमंग. मोगऱ्याचा दरवळ, अत्तराचा घमघमाट, उकिरड्याचा भपकारा, दारूचा दर्प. एवढे सगळे शब्द आपण शाळेत शिकलो नाही. नाकानं ते आपल्याला शिकवले.

आणि गंमत पाहा. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एक निकाल आहे. कुबट म्हणजे पिठाला ओल लागली, उन्हात घाला. खवट म्हणजे तेल बिघडलं, खाऊ नका. करपट म्हणजे आच कमी करा. घरच्या बाईला दाण्यात कोणतं रसायन बदललं हे सांगता येणार नाही, पण काय करायचं ते नाकानं तिला आधीच सांगितलेलं असतं. नाक हा शरीराच्या वेशीवरचा पहारेकरी आहे. जे तोंडात जाणार, जे छातीत जाणार, ते त्याच्या दारावरून जाणार.

शिक्षक मंडळींसाठी इथं एक थांबा घेतो. आपला 'घाण' हा शब्द कुठून आला, हे मुलांना विचारून पाहा. शास्त्राच्या पुस्तकात ती पंचेंद्रियं शिकतात, त्यात नाकाला घ्राणेंद्रिय म्हटलेलं असतं. संस्कृतातला 'घ्राण' म्हणजे हुंगणं, वास घेणं, वास घेणारं नाक. त्यात वाईट काही नाही. फूल हुंगलं तरी घ्राणच. तोच शब्द लोकांच्या तोंडी रुळत रुळत प्राकृतात 'घाण' झाला आणि मराठीपर्यंत येता येता त्याचा अर्थ खाली उतरला. नुसता वास होता, तो वाईट वास झाला. पुढं वाईट वास राहिला बाजूला, आणि डोळ्यांनी दिसणारा केरकचराही घाण झाला. 'वास' या शब्दाचंही अर्धं तेच झालं आहे. उदबत्तीचा वास आपण म्हणतो, पण 'भाजीला वास येतोय' एवढंच म्हटलं की सून भाजी टाकून देते. चांगला होता की वाईट, हे कुणी विचारत नाही.

हे आपल्याकडंच झालं असंही नाही. इंग्रजीत दुर्गंधी येण्याला आज जो 'स्टिंक' शब्द आहे, तो हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत सुगंधालाही चालत असे. म्हणजे माणूस इथला असो की तिथला, वास म्हटलं की त्याचं मन आधी धोक्याकडं जातं. सुगंध आला नाही तर बिघडत नाही. दुर्गंध कळला नाही तर जीव जातो. म्हणून भाषेतले वासाचे शब्द हळूहळू वाईटाकडं झुकतात, असं मला वाटतं.

आता मेफिटिसकडं वळू. त्यासाठी आपल्याला इटलीला जायचं आहे. पण निघायचं मात्र आपल्या तेरहून.

तेरणेच्या काठचं तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी या गावाचं नाव तगर असं होतं आणि ते दूरदेशी पोचलेलं होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक माणसानं समुद्रव्यापाराची एक वाटाड्या पोथी लिहून ठेवली. तीत तगरचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई आणि तिथून गलबतांत चढे, असं त्यात म्हटलं आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्यासारखीच दिसणारी एक भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई गावाच्या अवशेषांत निघाली. हे पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. तेव्हा आपला आणि त्या मुलखाचा संबंध काही आजचा नाही.

ज्या मुलखात ती मूर्ती सापडली, त्याच मुलखात नेपल्स शहराच्या पूर्वेला डोंगराळ भाग आहे. तिथं रोक्का सान फेलिचे नावाच्या खेड्याजवळ एक डबकं आहे. पाणी राखाडी, चिखलासारखं, आणि सतत बुडबुडतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, चुलीवर आधण ठेवलंय. पण ते पाणी उकळत नसतं. जमिनीच्या पोटातला वायू त्यातून वर येत असतो. आसपास गवत नाही. वारा पडलेला असला की त्या खळग्यात उतरलेलं पाखरू, कोल्हं, कुत्रं मरून पडतं. आजही पडतं. आणि नाक असं की, सडक्या अंड्यांच्या वासानं भरून जातं.

या जागी जुन्या काळच्या लोकांनी एका देवीचं ठाणं मांडलं. तिचं नाव मेफिटिस. रोमन साम्राज्याच्याही आधीपासून त्या डोंगरातले लोक तिला भजत. लाकडात कोरलेल्या मूर्ती ते तिला वाहत, आणि त्यांतल्या काही आव्हेलिनो शहराच्या संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. एका जुन्या लॅटिन टीकाकारानं लिहून ठेवलं आहे की, तिथं बळीच्या जनावरावर सुरी चालवीत नसत. नुसतं त्या पाण्याजवळ नेलं की पुरे. रोम शहरातही या देवीचं स्थान होतं. इसवी सन ६९ मध्ये यादवी युद्धात उत्तरेकडचं क्रेमोना शहर जळून खाक झालं, तेव्हा गावकुसाबाहेरचं मेफिटिसचं देऊळ तेवढं वाचलं, असं टॅसिटस हा इतिहासकार सांगतो.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्याकडं देवीचा रोग आला तर आपण त्याला देवी म्हटलं आणि तिची शांत केली. ज्याची भीती वाटते आणि ज्याचं कारण कळत नाही, त्याला हात जोडायचे, ही माणसाची रीत आहे. त्यात नुसता अडाणीपणा नाही. एक शहाणपण आहे. 'इथं देवी आहे, वेळीअवेळी जाऊ नका' असं एकदा सांगितलं की पोरंसोरं त्या खळग्यात उतरत नाहीत. पाटी लिहिता येत नव्हती, तेव्हा देऊळ हीच पाटी होती. आणि आणखी एक. दक्षिणेत दुसऱ्या एका ठिकाणी हीच मेफिटिस गोड्या पाण्याच्या झऱ्याची देवता म्हणून पुजली जाई. जमिनीतून वर येतं ते जीव देणारंही असतं आणि जीव घेणारंही असतं, हे त्या लोकांना उमगलं होतं.

देवीचं नाव पुढं त्या वाफेला लागलं. लॅटिनमधून ते युरोपातल्या भाषांत गेलं, आणि इंग्रजीत आजही विषारी दुर्गंधीला मेफिटिस म्हणतात.

आता या शब्दातली खरी गोम ऐका. त्या डबक्यातून मुख्यतः दोन वायू निघतात. एक गंधकाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास तो त्याचा. आपण गंधकाला गंधक म्हणतो तेसुद्धा वासावरूनच. हा वायू तिथं थोडा असतो. दुसरा वायू कार्बन डायऑक्साइड. आपण श्वास सोडतो त्यात असतो तोच. तिथं तो फार मोठ्या प्रमाणावर निघतो, आणि त्याला वास नाही. म्हणजे बोंब एकाची, आणि जीव घेणारा बहुतेक वेळा दुसराच.

हा दुसरा वायू हवेपेक्षा दीडपट जड. म्हणून तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खोलगट जागी साचतो. नेपल्सजवळच एक गुहा आहे, तिला कुत्र्याची गुहा म्हणतात. पूर्वी तिथले वाटाडे प्रवाशांना एक खेळ दाखवीत. माणूस आणि कुत्रं दोघं आत जात. माणूस ठीक, आणि कुत्रं थोड्याच वेळात तडफडून बेशुद्ध. कारण वायू गुडघ्याएवढाच साचलेला असे. माणसाचं नाक त्याच्यावर, कुत्र्याचं नाक त्याच्या आत. मग त्या मुक्या जिवाला ओढून बाहेर आणीत, जवळच्या तळ्याच्या पाण्यात घालीत, आणि ते शुद्धीवर आलं की पैसे मागत. खेळ दुष्टपणाचा होता, पण त्यातला धडा लक्षात ठेवा. कुत्रं पडलं तेव्हा माणसाच्या नाकाला काहीच कळलं नव्हतं.

१७७२ साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरो इथं डॅनियल रदरफर्ड या तरुण विद्यार्थ्यानं लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. नायट्रोजन वायूचा शोध या कामामुळं त्याच्या नावावर आहे. त्या प्रबंधाच्या नावातच मेफिटिक हवा हे शब्द आहेत, आणि ते त्यानं वापरले आहेत कार्बन डायऑक्साइडसाठी. म्हणजे दुर्गंधीच्या देवीचं नाव शास्त्रज्ञांनी दिलं कशाला, तर ज्याला वासच नाही अशा वायूला. त्यांनी वासाकडं पाहिलं नाही. दिवा विझतो आणि उंदीर मरतो, एवढं पाहिलं.

दिवा विझतो म्हटल्यावर आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना काहीतरी आठवलं असेल. आठवलं ना? पेव.

नव्या पिढीनं पेव पाहिलेलं नसेल. 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार मात्र रोज ऐकला असेल. आपल्या भागात गावठाणाच्या पांढरीच्या मातीत ज्वारी साठवायला खड्डा खणीत. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली पोट रुंद, मडक्यासारखं. आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं तोंड लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं ज्वारी तशीच. दुष्काळी मुलखातली ती बँकच होती म्हणा ना.

पेवातली ज्वारी टिकते कशी? धान्य मेलेलं नसतं. दाणासुद्धा श्वास घेतो, अगदी हळू घेतो. ओल असेल तर त्यातली बुरशीही घेते, किडेही घेतात. बंद पेवात मिळून सगळे आतला प्राणवायू संपवतात आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड भरत जातो. प्राणवायू संपला की किडे मरतात. किडे मेले की ज्वारी राहते. म्हणजे जी हवा धान्य राखते, तीच हवा आत उतरलेल्या माणसाला मारते. राखणदार आणि मारेकरी एकच.

म्हणून जाणती माणसं पेव उघडलं की लगेच उतरत नसत. झाकण काढून ते बराच वेळ तसंच राहू देत. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला की कुणी उतरायचं नाही. साध्या हवेत शंभर भागांत एकवीस भाग प्राणवायू असतो. तो सोळा भागांच्या आसपास आला की दिव्याची ज्योत जाते. माणूस त्यानंतरही थोडा तग धरतो. तेवढी फट सापडली म्हणून कित्येक जीव वाचले. एडिंबरोच्या प्रयोगशाळेत जे चाललं होतं, तेच आपल्या वाड्याच्या अंगणात कंदिलानं चाललं होतं. ज्यांनी हे पाळलं नाही त्यांच्या घरी काय झालं, ते गावोगावच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. एक उतरला, तो वर येईना, म्हणून भाऊ उतरला, तोही येईना. लोक म्हणाले, पेवात बाधा झाली. बाधा नव्हती. मेफिटिस होती.

म्हणजे नाकाचा पहारा खोटा का? तसं नाही. पण पहारेकऱ्यावर किती विसंबायचं, यात माणूस दोन्ही बाजूंनी चुकला आहे.

एक काळ असा होता की, शहाणी माणसंसुद्धा म्हणत, घाण वास हाच रोग. दलदलीचा वास छातीत गेला की हिवताप येतो, अशी समजूत होती. मलेरिया या शब्दाचा इटालियन भाषेतला मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. ती समजूत मोडली कुठं? तर आपल्याच जुन्या राज्यात. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. तेव्हा हा धाराशिव जिल्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता. दलदलीचा वास निरपराध निघाला, गुन्हेगार निघाला तिथला डास. तरी जुन्या लोकांची कृती अगदीच वाया गेली नाही. वास जावा म्हणून त्यांनी डबकी बुजवली, गटारं बांधली, आणि नकळत डासही कमी केले. नाकानं जागा बरोबर दाखवली होती, चोर मात्र चुकीचा धरला होता.

दुसरी चूक याच्या उलट, आणि ती जास्त महाग पडते. 'वास येत नाही, म्हणजे धोका नाही.' पेवातला वायू काय करतो ते आपण पाहिलं. पण ज्याला वास आहे तो गंधकाचा वायू तर याहून लबाड. अगदी थोडा असला तर नाकाला लगेच कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत तो वाढला की थोड्या वेळात नाकच बधिर करून टाकतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, चला, वास गेला, आता काम करायला हरकत नाही. वास गेलेला नसतो. पहारेकऱ्याला गुंगी दिलेली असते. आणखी वाढला की माणूस जागच्या जागी कोसळतो.

मग माणसानं काय केलं? त्यानं एक युक्ती काढली, ती शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. आपल्या घरच्या गॅसच्या टाकीतल्या वायूला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. जो येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो. गंधकाचाच एक पदार्थ, इथाइल मरकॅप्टन, अगदी थेंबभर घालतात. स्कंकच्या फवाऱ्यातही याच घराण्यातले पदार्थ असतात. ही खबरदारी सक्तीची झाली त्यामागं एका शाळेची गोष्ट आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात नैसर्गिक वायू साचला. त्याला वास नव्हता, म्हणून कुणालाच कळलं नाही. ठिणगी पडली आणि शाळा उडाली. जवळजवळ तीनशे मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथं कायदा झाला की, वायूला दुर्गंधी घातल्याशिवाय तो लोकांना द्यायचा नाही. तेव्हा स्वयंपाकघरात तो घाण वास आला तर नाक मुरडू नका. त्या लेकरांनी आपल्यासाठी ठेवून दिलेली ती हाक आहे. दारं-खिडक्या उघडा, टाकीची कळ बंद करा, दिव्याचं बटण दाबू नका, आणि बाहेर या.

आता पेवं फारशी उरली नाहीत. पण खड्डे उरलेत. उन्हाळा आला, पाणी आटलं की आपल्या जिल्ह्यात जुन्या विहिरींचा गाळ काढायला माणसं उतरतात. बंद विहीर, शेणगॅसची टाकी, शौचालयाची टाकी, गटार, ही सगळी पेवाचीच भावंडं. म्हणून चार गोष्टी गाठीला बांधा.

पहिली. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत वा टाकीत एकट्यानं उतरायचं नाही. कंबरेला दोर, आणि वर ओढून काढतील अशी माणसं. आधी पंख्यानं किंवा हवेच्या यंत्रानं आत ताजी हवा खेळवायची. तेवढी सोय नसेल तर उतरायचंच नाही.

दुसरी. कंदील विझला तर धोका नक्की आहे. पण कंदील तेवत राहिला म्हणजे धोका नाही, असं समजू नका. विषारी वायूची परीक्षा ज्योतीनं होत नाही. आणि जिथं शेण, मैला, कुजका गाळ आहे तिथं ज्योत नेऊच नका. तिथं पेट घेणारा मिथेन वायू असतो, परीक्षेच्या आधीच स्फोट होईल. वायू मोजण्याचं यंत्र मिळतं. ग्रामपंचायतीनं, अग्निशमन दलानं ते जवळ ठेवावं.

तिसरी. विहिरीच्या आत डिझेलचं इंजिन चालवून खाली उतरू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो रक्तातच जाऊन बसतो.

चौथी, आणि सगळ्यात कठीण. आत उतरलेला माणूस कोसळला, तर त्याच्यामागं उडी घेऊ नका. माया आवरत नाही, हे खरं. पण अशा बातम्यांत एकाच घरचे दोघं-तिघं गेलेले असतात ते यामुळंच. दोर असेल तर वर ओढा, वरून हवा सोडा, १०८ ला आणि अग्निशमन दलाला फोन करा.

आणि एक गोष्ट जाता जाता, पण हलकी नव्हे. ही टाकी, हे गटार आजवर आपण कुणाला उपसायला लावलं? गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांनाच. घाण केली आपण, आणि घाणेरडे म्हटलं त्यांना. शब्द असा वासावरून घसरत घसरत माणसावर आला, ही मराठी भाषेची नव्हे, आपली चूक आहे. २०१३ साली कायदा झाला. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरवणं हा त्यानं गुन्हा ठरवला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूसाठी कुटुंबाला दहा लाख रुपये द्यायला सांगितलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाख केली. पैसे वाढले, चांगलं झालं. पण कर्ता माणूस पैशानं वर येत नाही. त्याला उतरवूच नका. यंत्र बोलवा.

श्रोतेहो, झाकण आपण उघडलं होतं, ते आता बंद करू. कळंबच्या त्या मुलाला मी अर्धंच उत्तर दिलं होतं. पुरं उत्तर असं आहे. बाळ, मेफिटिस म्हणजे घाण वास खराच. पण हे नाव ज्या देवीचं होतं, तिच्या दारात वास एकाचा येई आणि जीव दुसराच घेई. म्हणून नाकानं हाक दिली तर लगेच ऐक. आणि खोल, अंधाऱ्या, बंद जागी नाक गप्प असेल, तर जास्त सावध हो. पहारेकरी गप्प आहे याचा अर्थ चोर नाही असाच नसतो. कधी पहारेकरी झोपलेला असतो, कधी चोराच्या पायांना आवाजच नसतो.